डोहाकाठची हजेरी

कुंडलिकेच्या काठाला सरकारी उद्यान होणार आणि त्या कामावर मुकादम म्हणून मला घेतलंय, ही बातमी खांब गावात माझ्याआधी माझ्या बायकोला कळली. ती म्हणाली, "चला, आता तरी सकाळी लवकर उठाल." मी भडकलो. पण उठावं लागलंच, कारण ती नदी तशी आहे.

आमच्याकडे कुंडलिकेला पूर यायला पाऊस लागत नाही. वर भिऱ्याच्या वीजघराकडून पाणी सुटलं की ऐन उन्हाळ्यातसुद्धा रोज सकाळी नदी चढते आणि दुपारनंतर उतरते. घाटाच्या खालच्या पायऱ्या, होडीचा धक्का, काठ ढासळू नये म्हणून बसवायचं दगडी पिचिंग, सगळं काम ते पाणी यायच्या आत उरकायचं. म्हणून सातला हजेरी. पंच्याण्णव साल, पौष महिना. धुकं असं की चार हातांवरचा माणूस नुसता काळा दिसायचा.

माणसं काठावरच्या वाडीतलीच घ्यायची ठरली होती. नावं लिहायला मी वाडीत गेलो. पहिलंच घर हौसाबाईचं. म्हातारी दाराशी दातांना मशेरी लावत बसली होती.

"घरातनं कामाला किती जण?" मी विचारलं.

"तिघं. मी, सून जानी नि लेक भिकू."

"लेकाचं पुरं नाव?"

"भिकू पोपट हिलम. लिवा."

मी लिहिलं. आत सून तांदूळ पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज मधेच थांबला तो मी ऐकला, पण मान काही वर केली नाही. मला अठरा घरं करायची होती. तेव्हा मान वर केली असती, तर पुढचं एवढं रामायण झालं नसतं.

मंगळवारी पहिली हजेरी. डोहाच्या वर करंजाची झाडं आहेत, तिथं मी मस्टर उघडलं आणि नावं पुकारायला लागलो. पुकारतोय, पुकारतोय, एकही माणूस 'हजर' म्हणेना. नुसते हात वर होत होते, तेही अर्धेमुर्धे. धुक्यात मला काय दिसणार कपाळ!

"तोंडं शिवलीत काय रे तुमची?" मी ओरडलो.

वाडीतला जुना माणूस महिपती पुढं आला. "रागावू नका, मुकादम. पाण्याजवळ आम्ही हाकेला ओ देत नाय. हात करतो."

"का बाबा?"

"हाक कोणाची, ते कसं कळायचं?"

सकाळच्या वेळी, समोर धुपाच्या धुरासारखं पांढरं पाणी, आणि हा माणूस हे अगदी साधं सांगतोय. मी पुढचं नाव जोरात घेतलं.

"भिकू पोपट हिलम!"

हात वर झाला नाही. पण सगळ्या बायांनी घमेली खाली ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, एकाच वेळी ठेवली. हौसाबाई तेवढी डोहाकडे तोंड करून उभी होती. जेवायच्या वेळी पोराची वाट बघत बाई गल्लीकडे बघते ना, तशी बघत होती.

मग दत्ता माझ्याजवळ आला. तिशीतला, घण मारणारा, दंडानं चांगला भरलेला गडी. हळू आवाजात म्हणाला, "मुकादम, ते नाव खोडा. भिकू पुरात गेला. सहा वरसं झाली."

म्हातारीच्या कानाला धार होती. "गेला म्हंजे? कुणी बघितला? मढं दिसलं तुला?"

दत्ता खाली बघत घण उचलून गेला. मीही पेन खिशात घातलं. पाणी यायला तासभर होता आणि खालची पायरी बसायची राहिली होती.

बिडीच्या सुट्टीत महिपतीनं मला सगळं सांगितलं. वाडीतला माणूस बुडाला आणि सापडला नाही, तर त्याच्या आईनं, नाहीतर घरातल्या थोरानं काठावर येऊन त्याला नावानं तीन हाका मारायच्या. ओ आली नाही तर तो गेला. मग नदीतला एक गोटा काढून करंजाखाली मांडायचा आणि त्याची बायको मोकळी होते. करंजाखाली तशा गोट्यांची एक रांगच होती. मी सकाळी त्यांच्यावरच डबा ठेवला होता! ऐकल्याबरोबर पहिला डबा उचलला.

"आणि ओ आली तर?" मी विचारलं.

"तर तो घरचाच. घरात त्याचा ताट वाढायचा."

"आणि हौसाबाईनं हाक मारलीच नाही?"

"सहा वरसांत एकदा नाय. हाक मारली तर कळंल ना तिला."

त्या दुपारी मी भाकर खात बसलो होतो तर जानी आली. पंचविशीची असेल. दगड वाहून खांद्यावरचं लुगडं फाटलेलं, तिथं तिनं दुसऱ्याच रंगाचं ठिगळ लावलेलं. उभी राहिली, बसली नाही.

"मुकादम, ते नाव खोडू नका."

"अगो, तुमचं चाललंय काय? एक म्हणतो खोडा, एक म्हणते नको."

"आयनं सवताच्या तोंडानं नाव दिलंय. तुमी काठावर पुकारलात, सगल्या वाडीनं आयकलं. एक झाली. उद्या नि परवा पुकारा. महिपतीकाका म्हणतो, चालंल."

मग कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "दत्ता?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. लाजली वगैरे काही नाही. "त्याला पेणच्या मिठागरावर बोलावलंय. सोमवारची गाडी. तिथं जोडी लागते, एकटा गडी घेत नाय. मी आले नाय तर तो दुसरी बघंल. का नाय बघायची त्यानं?" ठिगळाचा सुटलेला धागा तिनं तोडला. "सहा वरसं मी कुणाची हाय तेच मला कळत नाय, मुकादम. सवाशीण म्हणून कुणी वटी भरत नाय, नि रांडाव म्हणून कुणी सोडत नाय."

मला माझ्या दोन मुली आठवल्या. "पुकारतो," मी म्हटलं. "जा, कामाला लाग."

बुधवारी पुकारलं. कुणाचा हात नाही, कुठं आवाज नाही. वरून पाणी आलं आणि नेहमीसारखं एकेक पायरी चढत आलं. हौसाबाईचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नजर माझ्यावर. ती समजून चुकली होती. तिच्याच तोंडच्या नावानं आम्ही तिला धरलं होतं. त्या दिवशी तिनं मला पाणी विचारलं नाही.

गुरुवारी वाडीतली म्हातारीकोतारीसुद्धा काठावर येऊन बसली. धुकं असं दाट की डोह दिसतच नव्हता, नुसता त्याचा गार वास येत होता. मी मस्टर उघडलं. बाकीची नावं भराभर घेतली. जानी माझ्या समोर होती, तिच्या हातात रिकामं घमेलं. हौसाबाई तिच्या शेजारी, आणि मी मुद्दाम तिच्याच तोंडाकडे बघत होतो. आईचं काळीज, काही करील, असा मला वहीम होता.

"भिकू पोपट हिलम!"

"ओ."

डोहावरून आली. पुरुषाचा आवाज. दमलेल्या माणसानं कामातून मान वर न करता द्यावी तशी ओ, लांब ना जवळ. म्हातारीचे ओठ मिटलेले होते. मी शपथेवर सांगतो, मिटलेले होते.

जानीच्या हातातलं घमेलं खाली पडलं आणि उतरणीवरून घरंगळत पाण्यात गेलं. कुणी ते धरायला उठलं नाही. वाडीतलं कुणी काठावर हाकेला ओ देत नाही, हे तर मी मंगळवारीच शिकलो होतो. मग कुणी दिली?

दत्ता तेवढा हलला. कपडे न काढता पाण्यात शिरला आणि पैलतीराला गेला. बऱ्याच वेळानं परत आला, दात वाजत होते. "कोण नाय," म्हणाला. "रेती कोरी हाय. बगल्याचीसुदा पावलं नायत." मग जानीकडे न बघता बाजूला जाऊन अंग पुसत बसला.

"आला माझा लेक," हौसाबाई म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "मुकादम, त्याची हजेरी मांडा."

मी काय मांडणार! मी पेन उघडलं आणि मिटलं.

त्या दिवसापासून म्हातारीच्या अंगात दहा बायांचं बळ आलं. मला म्हणाली, भिकूचं काम वेगळं आखून द्या. मी नको म्हटलं. तिनं स्वतःच सुतळी लावून आपल्या शेजारचं दोन वाव, म्हणजे बारा-एक फूट पिचिंग त्याच्या नावानं धरलं. दुपारी सगळे जेवायला बसले की ती एकटी तिथं. "इकडचा उचल रं," असं कुणाला तरी बोलल्याचं ऐकू यायचं. तिची नखं मुळातून फाटली होती, पदरानं बोटं गुंडाळून फिरायची. पण तिथले दगड दोन गड्यांशिवाय हलणारे नव्हते आणि ते सुतळीला धरून सरळ बसत होते. कसे, ते मी विचारलं नाही. भ्यालो म्हणा हवं तर.

वाडीत रात्रीच्या ताटाच्या गोष्टी सुरू झाल्या. म्हातारी दोन ताटं वाढते, एक सुनेपुढं, एक सुनेच्या शेजारी. जानी जेवत नव्हती. सोमवारपर्यंत तिची हनुवटी टोकदार झाली.

त्याआधी, शुक्रवारी साहेब आले, जीप भरून. बरोबर पेणचा हरेश पेंटर. एरवी गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणारा माणूस, त्याला उद्यानाचा मोठा बोर्ड रंगवायला आणला होता. वरती 'उद्यानाचा इतिहास', खाली 'प्रेक्षणीय स्थळे'.

"इतिहास काय लिहू, साहेब?" हरेशनं ब्रश बुडवून विचारलं.

"लिहा, प्राचीन काळापासून निसर्गरम्य."

"ओळ भरत नाही."

"मग शिवकालीन घाट लिहा."

आम्ही मंगळवारी बसवलेल्या पायऱ्या शिवकालीन झाल्या. मी तोंड फिरवून खोकलो. साहेब फिरत फिरत करंजाखाली आले आणि बुटाच्या टोकानं एक गोटा हलवला. "हे काय आहे?"

"आमची माणसं, साहेब," महिपती म्हणाला आणि तो गोटा दोन्ही हातांनी पुन्हा जागेवर बसवला.

"वा! पुरातन पाषाण. हे राहू द्या असंच. हरेश, तीन नंबरला घ्या. एक घाट, दोन नौकाविहार, तीन पुरातन पाषाण." मग माझ्या हातून मस्टर घेऊन चाळलं. "हा भिकू हिलम कोण? रोज कोरं घर. नाव ठेवलंय कशाला?"

हौसाबाईच पुढं झाली. "कामावर हाय, साहेब. खाली गेलाय."

"मग दाखव त्याचं काम."

तिनं दाखवलं. साहेबांनी खाली वाकून सांध्यांवरून हात फिरवला. "हे एवढं एकच काम सरळ आहे, मुकादम. शिका त्याच्याकडून." सोबतचे लोक हसले. वाडीतलं कुणी हसलं नाही. जानी तोंडाला पदर लावून धक्क्यामागं गेली, आणि ओकल्याचा आवाज आला. पोटात काही नव्हतं, तर काय पडणार!

मी शनिवारी महिपतीला गाठलं. "काका, हे बरोबर नाही. पोरगी मरेल."

"ओ आली ना, मुकादम. तुमी पण आयकलीत."

"हाक मी मारली होती. आईनं मारायची ना?"

त्यानं बिडी दगडावर विझवली. "तिनं सवताच्या तोंडानं मारली तर वेगळं. पन ती कशाला मारंल आता? पोरगा मिळालाय तिला."

सोमवार उजाडला. दत्ता सकाळीच गाठोडं घेऊन काठावर आला. नऊची पेणची एसटी खांबला पकडायची होती. निरोप घ्यायला आला असं म्हणाला, पण नुसता उभा राहिला. मी मस्टर उघडलंच नाही. तेवढ्यात बायांमध्ये गलका झाला.

जानी पायऱ्या उतरून पाण्यात गेली होती. गुडघ्याला, मग कमरेला. वरून पाणी सुटल्याची वेळ झालेली, प्रवाहाला ओढ लागली होती. ती डोहाकडे तोंड करून बोलत होती, आणि कसं बोलत होती! नवऱ्याला उभं करून बाई भांडते तसं.

"ये ना! हाय म्हणतोस तर ये वर! सहा वरसं तुझ्या आयची धुणी धुतली, तुझ्या नावाचा कुंकू लावला. तुझं ताट रोज भरतंय, माझ्या पोटात काय हाय? ओ देतोस, मुडद्या, मग हात का देत नायस? ये, नायतर मी येते. एकदाचं कळू दे मला, मी कुणाची!"

पाणी तिच्या छातीशी आलं. दत्तानं गाठोडं टाकलं तर ती ओरडली, "तू नको! तू पुढं आलास तर मी सोडीन पाय!" तो होता तिथंच थांबला.

मी पहार घेऊन शेवटच्या दिसत्या पायरीवर उतरलो. पहारीचं टोक तिच्याकडे केलं. पाणी माझ्या पोटऱ्यांवरून सरकत होतं, बर्फासारखं. "जानी, बाई, धर," मी म्हणत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर काठावर, सासूवर होती.

हौसाबाई वरच्या पायरीवर उभी. बोटांची फडकी सुटली होती. तिनं एकदा सुनेकडे बघितलं, एकदा डोहाकडे. तिचं तोंड वाकडंतिकडं झालं. लहान पोराचं रडण्याआधी होतं तसं. मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"भिकू रे!"

करंजांवरचे बगळे उठले. बाकी काही नाही.

"भिकू रेऽ!"

पाणी जानीच्या गळ्याशी. पैलतीरावरून हाकेचा नाद परत आला आणि विरला. हौसाबाईचा गळा बसला, तिसऱ्या हाकेला आवाज फुटेना. तिनं छातीवर हात मारून घेतला आणि हाक काढली.

"भिकू!"

"ओ."

माझ्या पायाशी. पायरीच्या खाली, पाण्याच्या आतून, हातभर अंतरावरून. हळू. आईनं झोपेतून उठवलेला पोरगा देतो तशी. माझ्या पोटऱ्यांशी पाणी जरा कोमट झालं आणि पुन्हा गार झालं. वर बघितलं. महिपती तसाच बसलेला, बाया तशाच. दत्ता जानीकडे बघत होता. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पाण्याचा खळाळ एवढा होता, त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"मुकादम," हौसाबाई म्हणाली. आवाज अगदी शांत. "तुमी पाण्याजवळ हाव. काय आयकलात?"

मी जानीकडे बघितलं. तिचे केस पाण्यावर पसरले होते आणि हनुवटी वर उचललेली होती. तीही आता माझ्याकडेच बघत होती.

आयुष्यात मी खोटं खूप बोललोय, मुकादम माणूस आहे. पण त्या वेळी जीभ टाळ्याला चिकटली.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

हौसाबाईनं मान हलवली. "मग गेला माझा भिकू," ती म्हणाली. "जानी, ये गो वर. गाडी चुकंल तुझी."

जानीनं पहारीचं टोक धरलं. मी आणि दत्तानं मिळून तिला ओढून काढली, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. हौसाबाईनं वाडीतून आपलं कोरडं लुगडं मागवून तिला नेसवलं. तिच्या हातातल्या बांगड्या पायरीवर फोडल्या, मग कंबरभर पाण्यात जाऊन चाचपून एक गोटा काढला आणि करंजाखाली रांगेत मांडला. रडली नाही. दत्ता आणि जानी शेताच्या बांधावरून खांबकडे पळत गेले, तिचे ओले मोकळे केस मागं हलताना दिसत होते. नऊची गाडी त्यांना मिळाली, हे मला नंतर कंडक्टरनं सांगितलं.

मी मस्टर उघडलं आणि ते नाव खोडलं. त्यानंतर नावं पुकारायचं मी सोडून दिलं. डोकी मोजायचो आणि खुणा करायचो.

चारेक दिवसांनी दुपारच्या वेळी मी धक्क्यावर एकटाच माप घेत होतो. हौसाबाई घमेलं घेऊन आली आणि माझ्या शेजारी टेकली. पाणी उतरलं होतं.

"मुकादम," ती म्हणाली, "बरं केलंत त्या दिशी."

"काय केलं?" मी टेप गुंडाळत विचारलं.

"नाय म्हणालात ते."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, डोक्यावर चुंबळ नीट केली.

"मला पण आयकू आली होती," ती म्हणाली. "आय हाय मी त्याची. मला नाय येणार आयकू?"

मग घमेलं डोक्यावर चढवायला तिनं मला हात लावायला सांगितलं, आणि ती दगड घेऊन पायऱ्या चढून गेली.